बिनवारशी बशा

झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब लोंबत होता, आणि उर्मिलाने ती पसरट काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरून जरा तिरकी केली तेव्हा तो घरंगळत कडेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तळाशी, जंतू वाढवायच्या अगारच्या पिवळट थरावर पांढरे ठिपके होते, खडूची पूड सांडावी तसे. जिवंत होते. कडेला मेणाच्या पेन्सिलीने लिहिलं होतं, 'चिं. त.' — अक्षर तिचं, नाव त्याचं.

परळच्या या प्रयोगशाळेत थंड खोली एकच, आणि ती सगळ्यांची. कुणी लग्न होऊन गेली, कुणी विलायतेला गेला, कुणी नुसताच यायचा थांबला. त्यांच्या जंतूंच्या बशा मात्र फळ्यांवर तशाच राहिल्या. परदेशी काच यायची जवळजवळ बंद झाली, खाली टायफॉइडच्या तपासणीला बशा पुरेनात, तेव्हा साहेबांनी काम तिच्यावर सोपवलं: वापरात नसलेल्या ओळखा, रिकाम्या करा, खाली पाठवा. रिकाम्या करणं सोपं होतं. ओळखणं... जुनी दिसते म्हणजे टाकलेली असं नव्हे, नाव पुसलं गेलं म्हणजे मालकच नाही असंही नव्हे. वर्षभर जिच्याकडे कुणी पाहिलं नाही तीच बशी एखाद्या सकाळी एखाद्याला नेमकी हवी असते. म्हणून तिने स्वतःपुरती एक रीत घालून घेतली — संशय आला की बशीला लाल दोरा बांधायचा, खालच्या फळीवर उतरवायची, सगळ्यांना विचारायचं, थांबायचं. तरी कुणी आलं नाही तर धुण्याआधी तिच्यातला एक कण नळीत काढून ठेवायचा. चूक झालीच, तर परतीची वाट असावी. शेजारच्या टेबलावरचा गॅब्रिएल तिला हसायचा. "बाय, तू बशा धुतेस की त्यांचं बारावं घालतेस गो?"

आता फक्त ही एक फळी उरली होती.

शिवडीच्या खाडीतला चिखल चिंतामणी तळपदेने स्वतः गुडघाभर उतरून आणला होता. त्यातून वाढवलेल्या या पांढऱ्या ठिपक्यांचा अर्क त्याने कागदाच्या चकतीवर घेतला, चकती रोगजंतूंच्या बशीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती स्वच्छ वलय — एकही जंतू न वाढलेलं. "हे बघ," एवढंच तो म्हणाला होता. तिने पाहिलं होतं. यातून औषध निघेल, असं तेव्हा तिला... नाही, तेव्हा तिला त्याची मान दिसत होती, बशीवर वाकलेली. मग मुंबईसह महाराष्ट्रासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो तुरुंगात गेला, सुटला, आणि गिरगावातच सासऱ्यांच्या औषधांच्या एजन्सीत बसू लागला. तात्पुरता, असं ती धरून चालली. एवढं मोठं काम अर्ध्यावर टाकून जो जातो तो परत येतोच. तोवर ते ठिपके जगते ठेवायला दर पंधरवड्याला प्लॅटिनमची तार ज्योतीत लाल करायची, निववायची, एक ठिपका उचलायचा, नव्या बशीत ओढायचा. दादरच्या घरी एमएस्सीचा विषय निघाला, नागपूरचं स्थळ आलं, तेव्हा ती एकच सांगायची — सध्या हातात एक काम आहे, सोडता येत नाही.

आज त्याच्याही बशांना तिने लाल दोरा बांधला होता. रीत म्हणजे रीत. पण गॅब्रिएलकडून निरोप पाठवताना तिला पक्कं ठाऊक होतं की आपण रीत पाळत नाही आहोत, त्याला बोलावतो आहोत. 'हात लावू नकोस,' असं तो म्हणाला की झालं.

तो आला. अंगाने सुटला होता. हातात नमुन्याच्या औषधांची चामडी बॅग.

"अगं, या अजून आहेत?"

"दर पंधरवड्याला नव्या बशीत उतरवते."

"कशाला?"

"तुम्ही परत आलात तर..."

तो हसला, वाईट हसला नाही. "वेडी आहेस. धुऊन टाक."

"पण वलय?"

"कसलं वलय! एकदाच आलं ते. पुन्हा केलं, नाही आलं. आणखी एकदा केलं, नाही. अर्कात आम्ल राहिलं होतं माझ्या, त्याने मेले जंतू. व्हिनिगरनेसुद्धा मरतात. तुला बोललो नव्हतो?"

"नाही."

"राहिलं असेल. त्याच आठवड्यात आमची तुकडी निघाली ना. खरं सांगू? बरंच वाटलं मला. आत गेलं की निकाल काय म्हणून कुणी विचारत नाही."

"आता सासरा विचारतो की रे," गॅब्रिएल दारातून म्हणाला. "खप किती, बोल!"

"रोज विचारतो, साल्या." मग बॅग उचलता उचलता, सहज, तिला, "पण तू इतके दिवस हे सांभाळलंस, एकदाही वलय काढून बघितलं नाहीस?"

जिन्यावर त्याची पावलं आणि गॅब्रिएलचं हसणं खालपर्यंत ऐकू येत राहिलं.

चकत्या कपाटात होत्या. रोगजंतू शेजारच्या फळीवर. संध्याकाळी मांडलं की सकाळी उत्तर — इतर प्रत्येक बशीपाशी मी पुरावा मागत बसले, जिवंत आहे का, कुणाची आहे, कशाला हवी, आणि इथे... दुसऱ्याच्या कामात हात घालू नये म्हणून? तसं म्हणता येईल. तसं तिने स्वतःला सांगूनही पाहिलं, आणि ते वाक्य मनात नीट उभं राहिलं, फक्त त्याला वजन नव्हतं. न बघितल्यामुळेच तर ते काम हातात राहिलं होतं.

तिने बशा एकावर एक रचून वाफेच्या भांड्यात ठेवल्या. नळीत कण काढला नाही, कशाचा काढायचा? वाफ सुटली, अगार वितळलं, ओल्या मातीचा वास एकदम खोलीभर झाला आणि मग शिजल्यासारखा होऊन गेला. बशा निवल्यावर तिने त्या घासल्या, नावं पुसली, आणि गॅब्रिएल त्या खाली घेऊन गेला.

बाहेर लालबागकडून मोर्चा येत होता. घोषणा आधी अस्पष्ट, मग खिडकीच्या काचांना हादरा देणाऱ्या. एरवी ती धावत खिडकीशी जायची. आज जागेवरूनच ऐकताना तिच्या मनात आलं, यांतले किती जण कशापासून पळून इथे आले असतील... आणि लगेच लाज वाटली. ही गिरणीतली माणसं, यांच्यातल्या कितींनी गोळ्या झेलल्या, आणि आपण एका माणसाच्या मापाने... लाज खरी होती. पण तो विचार हलला नाही. मोर्चा पुढे काळाचौकीकडे वळला तरी तो तिथेच होता.

थंड खोलीचं दार लावायला ती आत गेली. फळ्या पहिल्यांदाच मोकळ्या, मोजक्या बशा, प्रत्येकीवर कुणाचं ना कुणाचं नाव. ती एकेक वाचत गेली, वरच्या फळीपासून, काय शोधतो आहोत हे न कळता. आणि शेवटच्या फळीशी आल्यावर कळलं. तिच्या स्वतःच्या नावाची एकही नव्हती. कधीच नव्हती. गारठा कोपरांपर्यंत चढत होता, बाहेर जायला हवं होतं. ती तशीच उभी राहिली — बाहेर जाऊन कुठल्या टेबलाशी, कशावर वाकायचं, ते आठवत.