सूर्यास्ताची दुरुस्ती

२१ जुलै, जळगाव. दिवसभर ढग, वारा पडलेला, पाऊस नाही.

मी एक दुरुस्ती बोलतेय. मोबाइलमधल्या एका अॅपची, थोड्याशा ओळींची दुरुस्ती. त्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा माझा जन्म झाला. मला हातात घेऊन उलटंपालटं करून बघता येत नाही, त्यामुळे की काय, माझ्यावर पहिल्यापासून कोणाचाच भरवसा नाही.

मला लिहिणारे हितेंद्रभाऊ कापडाचे व्यापारी. प्रोग्रामिंग ते पन्नाशीला टेकल्यावर व्हिडिओ बघून शिकले. पण मी जन्मले ती त्यांच्या आईमुळे. लाडकुंवरबाई. घरात सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. त्यांचा चौविहार आहे, म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्न नाही की पाण्याचा थेंब नाही. चातुर्मासात आभाळ भरलेलं असतं, सूर्य दिसत नाही. म्हणून भाऊंनी त्यांच्या फोनवर सूर्यास्त दाखवणारं एक अॅप घालून दिलं.

अॅपने आल्या आल्या विचारलं, लोकेशन बघू का?

“मी कुठं बसते ते याला कशाला पाहिजे?” बाई म्हणाल्या आणि ‘नाही’वर बोट ठेवलं.

अॅप गप्प बसलं. ठिकाण कळलं नाही असं त्याने सांगायला हवं होतं. ते न सांगता त्याने गुपचूप मुंबईची वेळ लावली. जळगावचा सूर्य मुंबईच्या आधी मावळतो. बाई कितीतरी संध्याकाळी मुंबईच्या सूर्यावर विसंबून शेवटचं पाणी पीत होत्या.

एकदा पश्चिमेला ढग फाटले. बाई गच्चीत तांब्या घेऊन बसलेल्या. शेजारच्या गच्चीवरून झुंबरबाईंनी विचारलं, “लाडकुंवरबाई, तुमचा सूर्य अजून आहे का? आमचा तर गेला.”

बाईंनी आभाळाकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं. तांब्या खाली ठेवला तो ठेवलाच.

त्या दिवसापासून त्यांचा घड्याळावरही विश्वास उरला नाही. चहाच्या वेळेलाच त्या जेवण आणि डायबेटिसची गोळी उरकू लागल्या. मग रात्र लांबायची आणि पहाटे हातपाय थरथरायचे. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर जेवू नका. बाई म्हणाल्या, “मावळायची खरी वेळ कोण सांगणार? तुम्ही?”

भाऊंनी अॅप उघडून आत बघितलं. ते खुलं अॅप आहे. आतला मजकूर कोणालाही वाचता येतो, चूक दिसली तर दुरुस्ती लिहून पाठवता येते. घ्यायची की नाही ते अॅप सांभाळणारा ठरवतो. भाऊंना मुंबई सापडली आणि त्यांनी मला लिहिलं. माझं काम एवढंच: लोकेशन नको असेल तर गाव विचारायचं, आणि गावही कळलं नाही तर कुठलीच वेळ दाखवायची नाही. सोबत त्यांनी चार गावं घातली. जळगाव, धुळे, धरणगाव आणि बहीण पुनम राहते ते वरणगाव.

भाऊंच्या बायकोने, डिंपलवहिनींनी, मागून डोकावून विचारलं, “पैसे देणार का कोणी?”

“नाही.”

“मग हे काम कोणाचं?”

“आपलंच.”

“आपलं असतं तर दुकानात मांडलं असतं. फुकट करून घेणाऱ्याचा डाव आधी बघा.”

भाऊ सावध झाले. खरं नाव न देता ‘पश्चिम’ या नावाने त्यांनी मला पाठवून दिलं.

अॅप सांभाळणारा पियुष, धुळ्याचा. त्याने मला लगेच घेतलं नाही. लुगड्याचा पदर उलटून विणीतला दोष शोधावा तशी माझी एकेक ओळ त्याने उलटून बघितली. मला राग आला, पण मीही त्याच्याकडे संशयानेच बघत होते.

त्याने लिहिलं, “खातं नवं, नाव खोटं, आधीचं काही काम नाही. तुम्ही कोण?”

भाऊंनी उत्तर दिलं, “मी कोण ते कशाला? ओळी बघा.”

“ओळीच बघतोय. वरणगाव कशाला? तिथं दारूगोळ्याचा कारखाना आहे.”

“माझी बहीणही आहे तिथं. गाव रेल्वेच्या पाटीवर लिहिलेलं आहे, जगाला माहीत आहे.”

“जगाला असेल. नवीन माणसाने पहिल्याच कामात ते का घालावं?”

भाऊंनी फोन पालथा ठेवला. वहिनी म्हणाल्या, “मी सांगितलं होतं.” आतल्या खोलीत बाई दिवसाउजेडी जेवत होत्या. त्यांच्याकडे बघून भाऊंनी फोन पुन्हा सुलटा केला आणि लिहिलं, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. लोकेशन बंद करा, गाव धुळे निवडा आणि आभाळ मोकळं असेल त्या दिवशी गच्चीत उभे राहा. माझ्या आईचा चौविहार याच्यावर आहे.”

पुढे बरेच दिवस काही आलं नाही. धुळ्यालाही ढगच होते. मला वाटलं, आपण अशीच पडून राहणार.

मग एका संध्याकाळी पियुष मला आपल्या फोनवर घेऊन गच्चीत गेला. आभाळ स्वच्छ होतं. त्याने लोकेशन बंद केलं आणि धुळे निवडलं. खालच्या रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालू होते. तो कठड्याला टेकून कधी सूर्याकडे, कधी माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत गिऱ्हाइकाची नजर होती. सूर्याची शेवटची कड गेली. त्याने वेळ बघितली, ती जुळली, तरी खाली जाऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून मला वाचायला बसला.

खुल्या अॅपमध्ये डोकावणाऱ्यांनो, एवढंच मागणं आहे. माझ्यासारखी कोणी दाराशी आली तर तिलाही असंच वाचा, आणि वाचून झाल्यावर काय ठरवलं ते तिला कळवा.

१३ ऑगस्टला पियुषने मला अॅपमध्ये घेतलं. जळगाव, धुळे आणि धरणगाव ठेवलं, वरणगाव काढलं. नवी आवृत्ती आल्यावर लाडकुंवरबाईंनी गाव जळगाव निवडलं आणि लोकेशनला पुन्हा ‘नाही’ म्हटलं. त्या संध्याकाळी जेवण आणि गोळी त्यांनी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी घेतली.