जिन्यावरचा बीम

"मास्तर, किती येरझाऱ्या घालताय? फरशी झिजेल," चिमणी आपल्या टेबलावरून म्हणाली.

"पाठ अवघडलीय गं."

पाठ ठणठणीत होती. थाऱ्यावर नव्हता तो जीव. नवी शाळा जमिनीवर यायच्या आधी संगणकात उभी होती, भिंती, बीम, पाइप सगळ्यांसकट. अशा इमारतींच्या आराखड्यांत कोण कुणाला आडवं येतंय हे शोधण्यात मास्तरांचा जन्म गेला होता. आता तेच काम एआयलाही दिलं होतं. दोघांचं काम ताडून संध्याकाळी चिमणी मालकांना सांगणार होती, मास्तरांना ठेवायचं की नाही. तिला हे काम मास्तरांनीच शिकवलं, चिमणी हे नावही त्यांनीच ठेवलं. आता ती त्यांची साहेब होती.

एआयची एक तरी चूक सापडावी म्हणून मास्तरांनी सकाळपासून अख्खी शाळा पालथी घातली. सापडली ती स्वतःची. जिन्याच्या वळणावर एआयने लाल खूण केली होती. तिथे बीम इतका खाली आला होता, की उतरणाऱ्या मोठ्या माणसाचं कपाळ फुटावं. मास्तरांना तो दिसलाच नव्हता.

त्यांनी मागे पाहिलं. चिमणी फोनवर बोलत होती. खूण पुसून बीम गुपचूप वर सरकवला, तर कुणाचंच नुकसान नव्हतं. शाळेचंही नाही.

ते उठले. पाणी प्यायले. परत आले. तहान नव्हतीच.

"चिमणे, जरा इकडे ये."

"आता काय?"

"हा बीम बघ. एआयला दिसला, माझ्या नजरेतून सुटला."

ती पडद्याकडे वाकली. मग हळूच म्हणाली, "मला दाखवायलाच हवं होतं का, मास्तर?"

"ते राहू दे. बीम वर घेतलास तर वरचा पाइप अडेल. मग काय करशील?"

ती नकळत शिकाऊ पोरीसारखी विचारात पडली. "भिंतीकडून वळवीन?"

"मला काय विचारतेस? वळवून बघ."

ती त्यांच्या जागी बसली. पाइप वळला, जिना मोकळा झाला. मास्तर मागे उभे होते. हात पाठीशी बांधलेले, बोटं मात्र माउस धरल्यासारखी हलत होती.