सावलीत वाढलेली यमुना

निळ्या छत्रीच्या कापडातून गाळून आलेलं ऊन चेहऱ्यावर घेऊन यमुना शाळेच्या फाटकातून आत यायची, तेव्हा तिच्या गोबऱ्या गालांवर पाण्याच्या तळाशी असावा तसा एक फिकट, थंड प्रकाश पसरलेला असायचा. तंजावरचं ऊन म्हणजे काही लाजरंबुजरं प्रकरण नव्हे. कार्तिकातला पाऊस ओसरल्यावरचे दोन महिने काय ते जरा मवाळ. एरवी ते माथ्यावर ठाण मांडून बसतं आणि कालव्याकाठचा चिखल, देवळाचं दगडी अंगण, रस्त्यावर वाळत टाकलेलं भात, साऱ्यांना सारख्याच उदारपणे भाजून काढतं. त्या औदार्यातून एकटी यमुना वगळली गेली होती, आणि तिला वगळण्याचं काम आमच्या घराने मोठ्या प्रेमाने, रोज नेमाने केलं होतं.

यमुना ही माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. मी तिची आत्या, आणि ती शिकायची त्याच शाळेत गणित शिकवणारी बाई. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिले, त्यामुळे त्या पोरीवर हक्क सांगायची मला भारी हौस होती. आमच्यासारखी पिढ्यानपिढ्या इथे रुजलेली मराठी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. सोयरीक पाहायची ती त्यांच्यातच, फार तर तिरुवैयारू-कुंभकोणमकडे. म्हणून आमच्याकडे मुलगी चालायला लागली की तिच्या रंगाची काळजी सुरू होते. भावजय रोज तिला हळद आणि डाळीचं पीठ चोळायची, अंगभर बाह्यांचा झगा घालायची, आणि फाटकापर्यंतही छत्रीशिवाय सोडायची नाही. ‘काळी पडली तर कोण पत्करील हिला?’ हे तिचं पालुपद, आणि मी शिकलीसवरलेली बाई, मीही त्याला मान डोलवायची.

यमुनाचं रूप मला आठवतं ते वर्गाच्या खिडकीशी. मधल्या सुट्टीत पोरी मैदानावर कबड्डी खेळायच्या, आणि ही खिडकीच्या गजांना दोन्ही मुठींनी धरून आतून बघायची. चढाई करणारी मुलगी रेषा ओलांडून गेली की यमुना आपलाही श्वास रोखून धरायची. ओठ हलत असायचे, छाती भरून आलेली असायची, आणि ती मुलगी परतली की हिचा श्वास सुटायचा आणि सगळं अंग हसायचं. तिच्या त्या स्थूल, संथ देहात एवढी चपळ उत्कंठा कुठे दडून बसत असेल याचं मला नवल वाटायचं. मैत्रिणी म्हणायच्या, हिला कोपऱ्यावर उभी केली तर एकही चढाई करणारी सुटणार नाही. पण मैदानावर ऊन होतं, आणि उन्हाला घरून परवानगी नव्हती.

शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणी होते. काटा माझ्यासमोर, वही माझ्या हाती. ओरत्तनाडूकडच्या खेड्यांतून बसने येणाऱ्या मुली काट्यावर चढल्या की तो जेमतेम हलायचा. ओठांच्या कडा चिरलेल्या, केस तांबूस, पापण्यांच्या आतली कड पांढरी. त्यांना मी डॉक्टरीणबाईंच्या रांगेत उभं करायची. यमुना आली की काट्याकडे न बघताच हसून पलीकडे काढायची. खात्यापित्या घरची आमची पोर, तिला काय धाड भरली आहे! पोट रिकामं असणं एवढीच उपासमार मला ठाऊक होती. ती बारा वर्षांची झाली त्या वर्षी नव्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी तिच्या कार्डावर लाल शाईने ‘वजन जास्त’ असं लिहिलं, आणि साऱ्या शिक्षिकांदेखत माझी मान खाली गेली. तपासणी तेवढ्यावरच संपली. रक्त तपासायला घेतलं ते बारीक मुलींचंच.

मग मी हात धुऊन त्या वजनाच्या मागे लागले. सकाळ-संध्याकाळचा दुधाचा पेला बंद केला, तूप बंद केलं, दह्याच्या जागी पाणीदार ताक आलं, भात एका वाटीवर आला. रोज पहाटे देवळामागच्या बागेत चार फेऱ्या मारायच्या असं ठरवलं. भावजयीची अट एकच, ऊन पडायच्या आत पोर घरात हवी. आणि यमुनाला मी शब्द दिला, ‘पाच किलो उतरव, मग तुला मैदानावर सोडायला मी तुझ्या आईला पटवते.’ तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचाच मोठा अभिमान वाटला.

मार्गळी महिन्यातल्या, ऐन थंडीतल्या त्या पहाटा अजून डोळ्यांसमोर आहेत. दाराशी घातलेल्या ओल्या रांगोळ्या, त्यांच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेली भोपळ्याची पिवळी फुलं, देवळाच्या कर्ण्यातून येणारं गाणं, आणि सारं आभाळ उजाडू की नको अशा विचारात थबकलेलं. त्या धूसर उजेडात यमुना माझ्या मागून चालायची, आणि पूर्वेला पहिली लाली दिसली की मी तिला घराकडे वळवायची. सूर्य वर यायच्या क्षणी आम्ही दार लावून घेत असू. किती काटेकोर होते मी, कपाळ माझं!

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “अत्ते, गुडघा वलिक्कुदु,” दुखतोय म्हणून. घरची मराठी तिला सगळी कळायची, पण तोंडी थोडीच यायची, दुखलंखुपलं की ती मैत्रिणींच्या तमिळातच बोलायची. मी म्हटलं, वजन गुडघ्यावर येतंय, ते उतरलं की दुखणं पळेल. चौथ्या आठवड्यात ती लंगडायला लागली, उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळायला लागलं. मी म्हटलं, बदकासारखी चालू नकोस, सरळ टाक पाऊल. माझी मेली जीभ कधी अडखळलीच नाही. ती ओठ आत दुमडून घ्यायची, एका हाताने झगा घट्ट धरायची आणि चालायची. कुरकुर केली तर मैदान हातचं जाईल अशी तिला भीती होती, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत असून मी त्या भीतीचा उपयोग करून घेतला.

बागेत एक दगडी पायरी आहे, वीतभर उंचीची. पोंगल होऊन आठवडा झाला असेल. त्या पायरीवरून ती नुसती खाली उतरली, आणि जी किंकाळी फुटली ती ऐकून झाडावरचे कावळे उडाले. ना ती घसरली, ना कशाला अडखळली. नुसतं उतरली.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावून दाखवला. दुखत होतं गुडघ्यात, पण बिघाड खुब्यात होता. मांडीच्या हाडाचं गोल टोक बरेच दिवस थोडं थोडं सरकत होतं आणि त्या पायरीवर पुरतं निसटलं होतं. रक्ताचा कागद आला त्यात ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. वाढत्या वयातलं जास्तीचं वजन, त्यात ऊन नाही, दूध नाही, आणि दुखत्या सांध्यावर रोजची चाल, असं ते शांतपणे समजावून सांगत होते. लंगडायला लागली तेव्हाच पायावर भार न देता निजवून आणली असती तर पाय वाचला असता, हेही त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळून तमिळात म्हणाले, “टीचर, आपल्या गावात ऊन कमी पडलं का हो?” ते टोचायला नव्हते बोलले, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. भावजय पदराने तोंड झाकून रडत होती.

शस्त्रक्रिया झाली, हाडात स्क्रू बसले. महिनाभर यमुना इस्पितळातल्या खाटेवर पडून होती. आता खोलीच्या खिडकीचा पडदा आम्ही सताड उघडा ठेवायचो, आणि आठ वाजता ऊन तिच्या हातांवर येऊन पडलं की ती हात उलटेसुलटे करून बघायची. तिला घरी सोडायच्या दिवशी परिचारिकेने आधार देऊन तिला काट्यावर उभं केलं. यमुनाने आकडा वाचला, बोटांवर हिशेब केला आणि चेहरा उजळवून मला म्हणाली, “अत्ते, पाच उतरले! आता आईला सांग.” पुन्हा खेळता येणार नाही हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, सांगते. पुढे त्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला, ते झिजत गेलं, आणि उजवा पाय दोन बोटं आखूड राहिला.

याला सहा वर्षं झाली. मी हल्ली काट्यासमोर आलेल्या प्रत्येक मुलीला, बारीक असो की जाडी, कुठे दुखतं का ते विचारते. पण त्याने यमुनाचा पाय काही लांब होत नाही. या आषाढात ती कॉलेजसाठी चेन्नईला गेली. जाड तळाचा बूट घालून, सावळी, उंच, भरल्या अंगाची. जायच्या आदल्या दिवशी कपडे भरता भरता म्हणाली, “अत्ते, आपण पहाटे फिरायला जायचो ना, ते मज फार आवडायचं. तू सारा वेळ माझा हात धरायचीस.”

दुखलेलं तिला आठवत नव्हतं. रडलेलं आठवत नव्हतं, बदक आठवत नव्हतं. मी तिचा हात धरत नव्हते, मी तिला ओढत होते. ती मागे पडायची म्हणून मनगटाला धरून फरफटत नेत होते. ओठांपर्यंत आलं होतं सगळं. पण मी नुसती पेटीतल्या कपड्यांची घडी नीट करत बसले, कारण खरं सांगून हलकी झाले असते ती मी, आणि तिच्याजवळची तेवढी एक पहाटही मीच काढून घेतली असती.

आता घरात तिची खाट मोकळी आहे, आणि ऊन सकाळपासून त्या खोलीत कुणाचीही परवानगी न घेता फिरत असतं. सहा वर्षांत काळाने तिच्या आठवणीतून ओढणारा हात पुसून तिथे धरणारा हात ठेवला, आणि मला मात्र तो ओढणाराच दिला. खरी आठवण माझी आहे; देवा, तिच्याजवळ तिचीच राहू दे.