चोपन्न वर्षांनी तेच ग्रहण

कारखान्यात लोखंड कातणाऱ्या टर्नरच्या उजव्या डोळ्यात, नजरेच्या बरोबर मध्ये, एक काळा ठिपका होता. नऊ वर्षांचा असताना त्याने खंडग्रास ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "दहा आकडे होईपर्यंत बघून दाखव," अशी पैज ताईने लावली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ताई पुढे नर्स झाली आणि हट्टाने तीस वर्षं डोळ्यांच्याच वॉर्डात राहिली.

त्रेसष्टाव्या वर्षीही टर्नर लेथवर उभा राहायचा. डाव्या डोळ्याने केसभर फरक टिपायचा.

एकदा ताईची मुलगी कारखान्यात आली. ती शाळेत भूगोल शिकवायची.

"मामा, पुढच्या महिन्यात ग्रहण आहे. आणि ते तुझंच आहे."

"माझ्या नावावर साधं घर नाही, ग्रहण कुठून आलं?"

तिने समजावलं. अठरा वर्षं, अकरा दिवस आणि आठ तासांनी सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळपास त्याच मांडणीत येतात. पण त्या वरच्या आठ तासांत पृथ्वी फिरलेली असते, म्हणून ग्रहण भलत्याच मुलखात दिसतं. तिसऱ्या खेपेला ते पुन्हा आपल्याकडे वळतं.

"म्हणजे चोपन्न वर्षं आणि एक महिना. आईला सांगितलं, तर म्हणाली, त्या दिवशी मी खिडक्या लावून पडून राहणार."

टर्नरने मशीन बंद केलं आणि तडक ताईचं घर गाठलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, तू पैज लावलीस, त्याआधीच मी गच्चीवर जाऊन सूर्य बघून आलो होतो. चांगला पोटभर. ठिपका तेव्हाच आला होता. बाबा मारतील म्हणून तुझं नाव पुढे केलं."

ताईचे हात थांबले. "आणि इतकी वर्षं गप्प?"

"आधी भीती वाटली. मग तू नर्स झालीस. त्यानंतर सांगायला तोंडच उरलं नाही."

"आज तू जा," ती म्हणाली.

दोन आठवडे तिने त्याचा फोन उचलला नाही. मग एका दुपारी स्वतःच कारखान्यात येऊन स्टुलावर बसली.

"राग गेलेला नाही. पण त्या वॉर्डात मी जे केलं, ते काही खोटं नव्हतं. तेवढं माझं मला कळलं." तिने पदराने चष्मा पुसला. "गल्लीतली पोरं त्या दिवशी वर बघणारच. त्यांचं काय करायचं, ते बोल."

त्याने पातळ पत्र्याला बारीक भोकं पाडून दिली. ग्रहणाच्या सकाळी ताईने पोरांना सूर्याकडे पाठ करून उभं केलं. भोकांमधून आलेल्या उन्हाचे चंद्रकोरीसारखे डझनभर सूर्य समोरच्या भिंतीवर उतरले, आणि पोरं ते बोटांनी मोजायला लागली.

"मागे वळाल तर कान उपटीन," ताई म्हणाली. मग भावाकडे बघून, "तुझाही."

ग्रहण सुटायला अजून तासभर होता. तिने भिंतीसमोर दोन खुर्च्या ओढल्या.

"बस. आता पूर्ण बघूनच जा."