थाळीचं दुसरं डोकं

फ्रान्समधल्या रूबे शहरात आल्यापासून उनिसाचा हा पहिलाच रमजान. इथे ना मशिदीचा भोंगा, ना गल्लीतल्या पोरांचा गलका. भिंतीवरच्या कॅलेंडरात वेळ बघायची आणि गुपचूप खजूर तोंडात टाकायचा. तिला यम्माबरोबर, आईबरोबर, रोजा सोडायचा होता. तिकडे अल्जीरियात, कॉन्स्टंटिनला, आई ज्या अजानेवर सोडते, अगदी तिच्यावर. म्हणून तिने नवऱ्यामागे, मसूदमागे, लकडा लावला. बाल्कनीतल्या डिशला दुसरं डोकं बसव.

थाळीसमोरच्या दांडीवर लहरी पकडणारं एक डोकं आधीच होतं, त्यावर फ्रान्सची चॅनेलं दिसायची. घरचं चॅनेल शेजारच्या उपग्रहावर, जरा पश्चिमेला. मसूदने आडवी पट्टी लावून दुसरं डोकं पश्चिमेच्या बाजूला आवळलं.

"आलं का गं?"

"मुंग्याच आहेत."

"मग तिकडे आज मुंग्यांचाच कार्यक्रम असेल!"

बाळाला खांद्यावर थोपटत उनिसा दारात आली. यम्मा गच्चीत तांब्याची परात घासायची, तेव्हा ऊन यायचं एकीकडून आणि कवडसा नाचायचा भलत्याच भिंतीवर. ते तिला आठवलं.

"अरे, दुसऱ्या बाजूला लाव. थाळीत आपटून ते उलटंच येणार ना."

"झाली बाई इंजिनियर," म्हणत त्याने डोकं पूर्वेकडे सरकवलं, आणि खोलीत एकदम घरच्या बोलीतली साबणाची जाहिरात ऐकू आली. उनिसा जमिनीवर बसलीच.

संध्याकाळी मसूदने कॅलेंडर बघून रोजा सोडला. ती तशीच बसून राहिली.

"अगं, थंडीत इथला सूर्य आधी बुडतो. तो बुडाला, इथला रोजा सुटला. तुला काय तिकडून ऊन येतं? अंगावर पाजतेस, खाऊन घे."

"तू खा रे."

पडद्यावर कुराणपठण चाललं होतं. बऱ्याच वेळाने अजान झाली. तिने खजूर तोंडात टाकला, शोरब्याचे दोन घोट घेतले आणि लगेच फोन लावला.

"यम्मा! आत्ताच सोडला मी. तुझ्याबरोबर."

"आत्ता? पोरी, आमचं केव्हाच झालं. तुझा भाऊ तर कॉफी पिऊन बाहेरसुद्धा गेला."

"पण टीव्हीवर..."

"ती राजधानीची गं. आपल्याकडे सूर्य आधी बुडतो. विसरलीस? टीव्हीची अजान होईस्तोवर तुझी दुसरी वाटी संपलेली असायची."

विसरली होती. त्या घरात टीव्हीच्या अजानेसाठी कधीच कुणी थांबलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी मशीद होती, तिचा आवाज आला की हात पुढे व्हायचे. तो आवाज कुठल्याच उपग्रहावर नव्हता.

"मी थांबू का उद्यापासून टीव्हीच्या अजानेपर्यंत?" यम्माने हळूच विचारलं.

"नको. तुला साखरेचा त्रास. तू वेळेवर जेव."

दुसऱ्या दिवशी मसूदचं खाणं आटोपलं, तरी उनिसा बाळाला मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसली. पठण चालूच होतं. आता यम्मा खिडकी उघडत असेल. आता ओट्यावरून वाट्या आणत असेल. आता फडक्याला हात पुसून कान देत असेल. उनिसानेही मान जराशी कलती केली. मग खजूर उचलून तोंडात टाकला.

"एवढी थांबलीस, आता थोडक्यासाठी काय?" मसूद स्वयंपाकघरातून म्हणाला. "अजान व्हायचीय अजून."

"झाली," ती म्हणाली.