साडेचार इंच आणि एक सूत

दुकानातल्या माणसांनी त्यांचं नाव कात्रीबाई ठेवलं होतं, आणि ते काही नुसतं हातातल्या कात्रीवरून नव्हतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. बोथट म्हणवून घेण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून त्यांनी ते अंगाला लावून घेतलं होतं.

शाळेत त्या दोन वर्षं गेल्या. तेवढ्यात आकडे आले, अक्षरं राहिली ती राहिलीच. पण टेप गळ्यात पडला की समोरच्याचा कुठला खांदा उतरलाय, हे त्या तो दारात असतानाच सांगायच्या. माप देताना कुणी पोट आत ओढलं तर म्हणायच्या, "सोडा श्वास. कपडा तुम्हाला शिवायचाय, तुमच्या हौसेला नाही."

अशा या बाईच्या दुकानात मागच्या पायरीवर झोपणारी तपकिरी कुत्री न विचारता आत शिरली आणि कापायच्या टेबलाखाली, कापडाच्या कतरणीच्या ढिगावर व्याली. सहा पिल्लं. पाच चांगली मुठीएवढी गुबगुबीत. सहावं मात्र उरल्यासुरल्या कापडात कसंबसं बसवल्यासारखं.

"दोन दिवस राहू दे," कात्रीबाई म्हणाल्या. "मग बिऱ्हाड हलवायचं. हे शिवणाचं दुकान आहे, बाळंतिणीची खोली नाही."

असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं पाण्याची थाळी कुत्रीपुढं सरकवली. सूनबाईनं ते पाहिलं, पण ती काही बोलली नाही. ही सून कमी बोलायची, आणि सासूला तिचं तेच जास्त लागायचं. भांडणाऱ्या सुनेला उत्तर देता येतं. गप्प बसणारीला काय द्यायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे कात्रीबाईंनी कतरण गोळा केली. दवाखान्याच्या चाळीस पांढऱ्या कोटांचं काम होतं, ढीग गुडघ्यापर्यंत आला होता. त्यांनी टेबलाखाली हात घातला, कवेत मावेल तेवढं ओढलं, पोत्यात कोंबलं आणि तोंड बांधलं. ती गाठ त्यांची खास. दोन फेरे, एक उलटा, टोक आत. सोडायची युक्ती माहीत नसेल तर माणूस नखं मोडून घेई. पोतं मागच्या दाराशी गार फरशीवर ठेवलं आणि त्या मशीनवर बसल्या.

चहाच्या वेळेला सूनबाई मागं गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तिच्या ओंजळीत ते सहावं पिल्लू होतं. अंग ताठ, धातूच्या बटणासारखं गार. तोंड उघडून बारीकसं कण्हत होतं, आणि तेही थांबून थांबून.

"आई, हे पोत्यात होतं."

कात्रीबाईंचा हात चष्म्याकडे गेला. सकाळी चष्मा कपाळावर होता. वाकून बघायचा कंटाळा केला होता. हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि तोंडातून मात्र निघालं भलतंच.

"कुत्रीनंच लोटलं असणार. दुबळं पिल्लू आई बाजूला टाकतेच."

खिडकीशी काजवाले बसले होते. कात्रीबाईंच्या नवऱ्याच्या वेळेपासून याच खुर्चीत बटणांची काजं करणारा माणूस. त्यांनी सुई वर धरून विचारलं, "वहिनी, तोंड बांधलेल्या पोत्यात?"

"भावोजी, तुम्ही तुमची काजं बघा. कालच्या कोटाची दोन तिरकी आहेत."

ती तिरकी नव्हती. पण काजवाल्यांनी मान खाली घातली.

सूनबाईनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. तिनं "हॅलो" म्हटलं तोच कात्रीबाईंनी फोन काढून घेतला. "दे इकडे. अशी हळू बोललीस तर डॉक्टरांना वाटेल पिल्लूच बोलतंय." डॉक्टर कुठल्यातरी गोठ्यात होते. मागं म्हैस ओरडत होती. ते मोठ्यानं म्हणाले, "आधी गरम करा, मग पाजा! थंड असताना अजिबात पाजू नका. मी संध्याकाळी येतो." आणि फोन बंद.

"कळलं," कात्रीबाई म्हणाल्या. "तीन पोरं वाढवली मी. दूध गरम करायला डॉक्टर कशाला लागतो?"

त्यांनी दूध गरम केलं, औषधाच्या नळीत भरलं, एक थेंब पिल्लाच्या तोंडात सोडला. पिल्लानं गिळलं नाही. थेंब ओठाच्या कडेनं बाहेर आला. दूध निवलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा गरम केलं. या वेळी दोन थेंब. त्यातला एक पिल्लाच्या नाकातून आला आणि त्याचं कण्हणं थांबलं. कात्रीबाईंनी घाईघाईनं त्याला उलटं धरून नाक पुसलं. परत एक बारीक कण्हणं आलं. पिल्लू सुनेच्या ओंजळीत देऊन त्या तिसऱ्यांदा भांडं घेऊन शेगडीकडे निघाल्या.

"आई," सूनबाई म्हणाली, "डॉक्टर नक्की काय म्हणाले? त्यांच्याच शब्दांत सांगा."

"मी काय पोपट आहे?" पण त्यांनी सांगितलं. "आधी गरम करा, मग पाजा. थंड असताना पाजू नका."

सूनबाईनं पिल्लाच्या गार अंगावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "काय गरम करा म्हणाले?"

"काय म्हणजे? दू..." कात्रीबाईंनी हातातल्या भांड्याकडे पाहिलं. मग सुनेच्या ओंजळीत गारठलेल्या त्या जिवाकडे पाहिलं.

काजवाल्यांची सुई थांबली. मशीन तर केव्हाच थांबली होती. दिवसाढवळ्या ती मशीन थांबलेली त्या गल्लीत कुणी ऐकली नव्हती.

"उभी काय राहिलीस?" कात्रीबाई कडाडल्या. "इस्त्री लाव! मंद ठेव. आणि ते पिवळं फलालीन काढ, वरच्या फळीवरचं. कोरं."

इस्त्रीच्या बाबतीत मात्र त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. फलालीनचे दोन तुकडे केले. एकावर इस्त्री फिरवायची, तो स्वतःच्या गालाला लावून बघायचा आणि मग पिल्लाभोवती गुंडाळायचा. तो निवेपर्यंत दुसरा तयार. एकदम तापवायचं नाही. रेशमाला देतात तशी ऊब, चुकून चटका नाही. पिल्लू त्यांनी छातीशी, पदराच्या आत धरलं. सूनबाई इस्त्री करायची, त्या गुंडाळायच्या. दोघी बोलत नव्हत्या, पण एकीचा हात निघाला की दुसरीचा तिथं पोचायचा. पंधरा वर्षं एका घरात राहून दोघींना हे आजच जमलं होतं.

गिऱ्हाईक आलं. कोट कधी मिळतील म्हणालं.

"दवाखान्यातली माणसं दोन दिवस जुन्या कोटात मरणार नाहीत," कात्रीबाई मान वर न करता म्हणाल्या. गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं.

दुपार टळली. फलालीन किती वेळा बदललं, कुणी मोजलं नाही. मग पदराआड काहीतरी वळवळलं. कात्रीबाईंनी करंगळी पिल्लाच्या तोंडाशी नेली, आणि त्यानं ती धरली. दात नसलेल्या तोंडानं अशी ओढली की त्या "अगं बाई!" म्हणून एकदम खाली बसल्या.

मग त्या टेबलाखाली शिरल्या. या वयात, गुडघ्यांची बोंब असताना, पालथ्या पडून. कुत्रीनं एकदा दात दाखवले. कात्रीबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं ते परत झाकले.

"सरका रे, ढोल्यांनो! पोटं बघा, नगारे झालेत नुसते. या पोरीला एक तरी आचळ मिळू दे."

पाचांना बाजूला सारून त्यांनी सहावीला आचळाशी धरलं. आधी नुसतंच नाक घासलं गेलं. मग चुटूक असा आवाज आला. मग दुसरा. मग सलग.

कात्रीबाईंचा जीव भांड्यात पडला. तरी त्या तिथून हलल्या नाहीत. टेबलाखालून नुसतेच दोन पाय बाहेर दिसत होते.

"वहिनी, जिवंत आहात ना?" काजवाल्यांनी विचारलं.

"तुम्हाला पोचवूनच जाईन," टेबलाखालून उत्तर आलं.

संध्याकाळी डॉक्टर आले. पिल्लू बघून म्हणाले, "बरं केलंत आजी. ऊब येण्याआधी पाजत राहिला असतात तर संपलं होतं. पण अजून बेफिकीर होऊ नका. तीन दिवसांत वाढ दिसली पाहिजे. रोज वजन करा."

एवढ्याशा जिवाचं वजन होईल असा काटा दुकानात नव्हता. "टेप आहे," कात्रीबाई म्हणाल्या. डॉक्टर हसले. त्या हसल्या नाहीत. "बरं केलंत" हे शब्द त्यांना टाचणीसारखे टोचत होते.

दुसऱ्या सकाळी त्यांनी दूध पाजायच्या आधी पिल्लाच्या छातीचं माप घेतलं. साडेचार इंच. टेबलाच्या पायावर खडूनं आकडा लिहिला. पुढच्या दिवशीही साडेचार, आणि तेही ओढूनताणून. त्या दिवशी त्या कुणावर ओरडल्या नाहीत, आणि सगळं दुकान घाबरून गेलं. दिवसभर पिल्लू आचळाशी धरायचं, नाहीतर पदरात. कोट सुनेनं शिवले. एक बाही उलटी लागली, तरी कात्री चालली नाही.

मापाच्या तिसऱ्या सकाळी टेप गुंडाळला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. काढून पुसला. परत घेतला.

"सूनबाई, तू बघ."

सूनबाई वाकली. "साडेचार... आणि वर एक रेघ."

"रेघ काय म्हणतेस! सूत म्हण. एक सूत." कात्रीबाईंचा आवाज फाटला. "इंचाचा आठवा भाग वाढली ती. भावोजी, ऐकलंत? एक सूत!"

"ऐकलं, वहिनी. गल्लीनं ऐकलं."

कात्रीबाईंनी खडूनं आकडा लिहिला आणि तिथंच जमिनीवर बसून राहिल्या. तीन दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेला होता. आणि दगड गेला तसं त्याखाली दबलेलंही वर आलं.

"कुत्रीनं नाही लोटलं," त्या म्हणाल्या. "पोत्यात मीच भरली हिला. न बघता. आणि कुत्रीवर ढकललं."

सूनबाईनं इस्त्री उभी केली.

"माहीत आहे, आई."

"कसं माहीत आहे?"

"पोतं मीच सोडलं ना. दोन फेरे, एक उलटा, टोक आत. कुत्रीला ती गाठ येत असती तर आपण तिला कामाला नसतं का ठेवलं?"

काजवाल्यांना हसता हसता ठसका लागला. कात्रीबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेला एवढं लांब बोलताना त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"मग तीन दिवस तोंड शिवून का बसलीस?"

"तुम्ही तिला पदरातून खाली ठेवत नव्हता. त्यात मी आणखी काय बोलायचं?"

कात्रीबाई उठल्या, पिल्लू आईपाशी ठेवलं, चष्मा नीट नाकावर बसवला आणि टेबलाखालची कतरण एकेक चिंधी उचलून पोत्यात टाकू लागल्या.

"हिचं नाव चिंधी," मधेच त्या म्हणाल्या. "बिऱ्हाड हलवायचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?" सुनेनं विचारलं.

"मला माप घ्यायला वाकावं लागणार नाही, एवढी वाढली की."

पोत्याचं तोंड बांधून झाल्यावर त्या खिडकीकडे वळल्या.

"भावोजी, त्या दिवशीची ती काजं सरळच होती."

"तेही माहीत होतं, वहिनी," काजवाले म्हणाले आणि त्यांनी सुईत नवा दोरा ओवला.