प्रतिपक्षाच्या गोलाला वाजलेली घंटा

मी एक पितळी घंटा बोलते आहे. मोसमाच्या अखेरच्या सामन्यात प्रतिपक्षाने आमच्यावर गोल केला, तेव्हा आमच्याच प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून त्याचा जयघोष मी केला, हे आरंभीच कबूल करते. दोरी माझ्या हाती नव्हती. आवाज मात्र निःसंशय माझा होता.

माझा जन्म ओताऱ्याच्या भट्टीतला. तेथून मी थेट मुलींच्या शाळेच्या व्हरांड्यात आले. वर्ग भरवणे आणि वर्ग सोडणे ही दोन्ही कामे मी एकतीस वर्षे एकाच सुरात केली. पुढे विजेची घंटा आली; पण मुख्याध्यापिकाबाईंनी मला अडगळीत जाऊ दिले नाही. बाईंना फुटबॉलचा भारी नाद. निवृत्त होताना त्यांनी मला आपल्या लाडक्या संघाच्या मैदानावर आणून पायऱ्यांच्या माथ्यावर टांगले. आपला गोल झाला की एक टोला, असा नियम ठरला.

ते दिवस वैभवाचे होते. एका सामन्यात तर मी पाचदा वाजले आणि दोरीच तुटली. पायऱ्यांवर नेहमी बसणाऱ्या शिंपीकाकांनी जुन्या पडद्यांच्या दोऱ्या वळून नवी दोरी दिली. तेव्हापासून ती ओढण्याचा मान त्यांचा.

मग उतरती कळा लागली. पहिला आघाडीचा खेळाडू मोठ्या संघाने नेला. दुसऱ्याचा गुडघा गेला. तिसरा इतका विचारी निघाला, की चेंडू मारावा की न मारावा हे ठरेपर्यंत चेंडू दुसऱ्याच्या पायाशी पोहोचलेला असे. गोलरक्षक तेवढा टिकून होता. आणि तो शिंपीकाकांचा जावई! इतर चाहते त्याला मनसोक्त शिव्या घालत. काकांची मात्र मोठी पंचाईत होई.

“जावईबापू, जरा हात लावा हो चेंडूला! चावत नाही तो!” असे ते आर्जवाने ओरडत.

जावईबापू झेप घेत; फक्त चेंडू आत जाऊन विसावल्यावर.

हळूहळू चाहत्यांना एक सवय जडली. मध्यंतर झाले की सगळे उठत. “उरलेलं घरी बसून हरू,” असे म्हणत चाहत्यांतला पोस्टमन सर्वांत आधी चप्पल शोधू लागे. अखेरपर्यंत बसत त्या एकट्या बाई, सर्वांत खालच्या पायरीवर, मांडीवर छत्री आडवी ठेवून. माझ्या पोटात एका कोळ्याने संसार थाटला. त्याच्या जाळ्यात रोज काही ना काही सापडत होते. आमच्या संघाच्या नशिबी तेवढेही नव्हते.

शेवटी काकांना पराभवाचे कारण सापडले. ते कारण मी होते.

“ही पनवती लटकते आहे तोवर काही खरं नाही,” ते म्हणाले. “शेवटच्या सामन्यात आपला गोल झाला तर ठीक. नाहीतर सोमवारी हिला ओताऱ्याकडे नेऊ. वितळवून नळ करू दे तिचे.”

“आपण जिंकत होतो, तेव्हाही हीच इथे होती ना?” बाईंनी विचारले.

“तेव्हा शुभ होती, बाई. आता फिरली.”

पोस्टमनने जोरात मान हलवली. आयुष्यभर उभ्या मुलींना खाली बसवल्यावर आता नळ होऊन कुणाच्या तरी मोरीत ठिबकत राहायचे, या कल्पनेने माझा लोलक थरथरला.

अखेरच्या सामन्यात हरलो तर संघ खालच्या श्रेणीत जाणार होता आणि आपला गोल झाला नाही तर मी भट्टीत. मध्यंतराला दोन्ही बाजू कोऱ्या होत्या. दोन वर्षांत प्रथमच कुणी उठले नाही. पोस्टमननेही सापडलेली चप्पल पुन्हा काढून ठेवली.

सामना संपायला दहा मिनिटे उरली असताना डावीकडचे जाळे हलले. काकांच्या डोळ्यांवर सुईत दोरा ओवायचा चष्मा होता. त्यांनी सर्वांगाने दोरी ओढली. मी दणाणले! एक टोला कसला, काका थांबेचनात. कोळी संसारासकट पोस्टमनच्या टकलावर पडला, तरी पोस्टमन नाचतच राहिला. सगळ्या पायऱ्या नाचत होत्या.

बाई उठल्या आणि मागे वळल्या.

“खाली बसा! मध्यंतरानंतर बाजू बदलतात. तो गोल आपल्यावर झाला आहे.”

दोन वर्षांत बाईंखेरीज उत्तरार्ध कुणी पाहिलाच नव्हता. लक्षात राहणार कसे? तेवढ्यात जाळ्यापाशी पडलेल्या जावईबापूंचा कळवळलेला आवाज आला, “सासरेबुवा, निदान तुम्ही तरी!”

आधी पोस्टमन फसकन हसला. मग सगळ्या पायऱ्या हसल्या, आणि जावईबापूही चिखल पुसत हसू लागले. आम्ही एका गोलाने हरलो. संघ खालच्या श्रेणीत गेला.

“बघितलंत ना बाई, ही कुणाच्या बाजूची आहे ते?” काका पुटपुटले. “न्यायलाच हवी हिला.”

“दोरी कुणी ओढली?”

काका चष्मा पुसू लागले.

“केवळ पहिल्या आलेल्या मुलींसाठी मी ही घंटा कधी वाजवली नाही,” बाई म्हणाल्या. “नापास झालेली मुलगीही हिच्या आवाजानेच वर्गात यायची आणि हिच्या आवाजानेच घरी जायची. तुम्ही मात्र दोन वर्षं मधल्या सुटीतच पळून गेलात.”

“पण बाई, संघ जर सारखा...” पोस्टमन म्हणाला.

“हात वर करून बोला.”

त्याने हात वर केला आणि काय बोलायचे होते ते विसरला.

तेथेच ठरले: सामना सुरू होताना एक टोला, संपल्यावर एक टोला, आणि शेवटच्या टोल्याआधी कुणी जागा सोडायची नाही. पोस्टमनचा हात आधीच वर होता; तो मान्यतेचा धरला गेला. पायऱ्यांपाशी आलेल्या जावईबापूंनी हातमोज्यासकट हात वर केला. आपला गोल झाला तर एक जादा टोला हवा, अशी अट काकांनी घातली. बाईंनी ती एका दुरुस्तीसह स्वीकारली: दोरी ओढण्यापूर्वी काकांनी गोल कुणाचा ते शेजाऱ्याला विचारावे. काकांनी जावयाकडे पाहिले आणि दुरुस्ती मान्य केली. मग त्यांनी मला सामना संपल्याचा टोला दिला, आणि तो ऐकूनच सगळे घरी गेले.